ग्रंथांचा संग्रह आणि ग्रंथांचा सांभाळ

गेल्या वर्षीं दसऱ्याच्या सुमारास एका तालुक्याच्या गांवीं जाण्याचा आम्हांस योग आला. गांव जुनें, आणि तेथील वाचनालयही जुनें. शंभरी ओलांडून त्यास बराच काळ लोटला आहे. सायंकाळीं वर्तमानपत्रें चाळावीं म्हणून आम्ही तेथें गेलों, तों ओटीवर एका बाजूस सुतळीनें बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे रचून ठेवलेले दिसले. वरच्या गठ्ठ्यावर एक यादी होती व तिच्या माथ्यावर ‘निर्लेखनयोग्य ग्रंथ’ असे शब्द होते. निर्लेखन म्हणजे दाखल नोंदवहींतून पुस्तकाचें नांव कमी करणें. आणि नांव कमी झालेलें पुस्तक बहुधा रद्दीच्या तराजूंत जातें, हें वाचकांस सांगावयास नको. सहज म्हणून आम्हीं एक गठ्ठा सोडून पाहिला. त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभींच्या एका मासिकाचे बांधीव अंक होते, मुलींच्या शाळेसाठीं तयार केलेलें शिवणकामाचें पुस्तक होतें, एका संस्थानचा वार्षिक अहवाल होता, दोन संगीत नाटकें होतीं, आणि पहिलीं कांहीं पानें गेलेला वैद्यकाचा एक ग्रंथ होता.

वाचनालयाचे ग्रंथपाल सज्जन गृहस्थ. पुस्तकांविषयीं त्यांस अनास्था होती असें कोणी म्हणेल तर तें खोटें ठरेल. आमच्या चेहऱ्याकडे पाहून ते म्हणाले, “आपणांस वाईट वाटणें साहजिक आहे, मलाही वाटतें. पण कपाटें इतकींच. दरसाल अनुदानाचीं नवीं पुस्तकें येतात, तीं ठेवावयाचीं कोठें? हीं पुस्तकें वीस वर्षांत कोणीं नेलेलीं नाहींत. उलगडावयास जावें तर पान तुटून हातांत येतें. आणि हल्लीं हें सारें संगणकावर मिळतेंच.” त्यांचें बोलणें सहज खोडून काढण्याजोगें नव्हतें. जागा, उपयोग, कागद आणि संगणक या चार गोष्टी त्यांनीं मोजक्या शब्दांत सांगितल्या, व महाराष्ट्रांतील जवळजवळ प्रत्येक जुन्या ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळापुढें आज याच चार गोष्टी आहेत. म्हणून त्यांचा विचार थोडा मागें जाऊन करावा असें आम्हांस वाटतें. हे प्रश्न नवे दिसतात. पण संगणक सोडला तर यांतील एकही नवा नाहीं, आणि संगणकाचा प्रश्नही आपल्या पूर्वजांनीं निराळ्या रूपांत एकदां सोडविलेला आहे.

आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयें निघूं लागलीं तीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत. रत्नागिरीस १८२८ सालीं, नाशिकास १८४० सालीं, पुण्यास १८४८ सालीं, कोल्हापुरास १८५० सालीं अशीं तीं एकामागून एक उभीं राहिलीं. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ अशा धर्तीचीं त्यांतील कित्येकांचीं पहिलीं नांवें. गोमंतकांत पणजी येथें पोर्तुगीज अमदानींत १८३२ सालीं स्थापन झालेलें ग्रंथालय आज कृष्णदास शामा यांच्या नांवानें चालू आहे. या संस्थांनीं आपल्या समाजास वाचनाची गोडी लावली, याबद्दल त्यांचे उपकार थोडे नाहींत. परंतु त्यांचा संग्रह कोणत्या धोरणानें वाढे, हें पाहिलें पाहिजे. महाराष्ट्रांतील हीं वाचनालयें मुख्यतः वर्गणीवर चालत. वर्गणीदार बहुधा इंग्रजी शिकलेले व सरकारी नोकरींतले. त्यांस वर्तमानपत्रें आणि इंग्रजी ग्रंथ हवे असत, आणि त्यांच्या आवडीप्रमाणें खरेदी होई. मराठी छापील पुस्तकें तेव्हां संख्येनेंही बेताचींच होतीं. जीं येत तीं हौसेनें वाचलीं जात, आणि फाटलीं कीं टाकलीं जात. फाटेपर्यंत वाचलें जाणें हा पुस्तकाचा बहुमानच होय. पण फाटल्यावर त्याची दुसरी प्रत कोठें सांपडेल, याची काळजी वाहणें हा कोणाच्याच कामाचा भाग नव्हता.

ही काळजी कांहीं अंशीं प्रथम सरकारनें वाहिली, पण निराळ्या हेतूनें. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानें पुस्तकांच्या प्रती सरकारांत भरणें छापखानेवाल्यांस प्राप्त झालें, व अशा पुस्तकांच्या तिमाही याद्या प्रसिद्ध होऊं लागल्या. छापखान्यांवर नजर ठेवावी हा सरकारचा एक उद्देश होता; तथापि त्या याद्या म्हणजे मराठी ग्रंथांची मोठीच हजेरी होऊन बसली. परंतु यादींत नांव असणें निराळें, आणि पुस्तक वाचकाच्या हातीं येणें निराळें. ही उणीव भरून काढण्याचें काम लोकांनीं आपण होऊन अंगावर घेतलें. १ जून १८९३ रोजीं ठाणें येथें मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन हे त्याच्या संस्थापकांतले प्रमुख. भावे यांनीं पुढें ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला, हें लक्षांत घेतलें म्हणजे अशा संग्रहाची निकड त्यांस कां वाटली हें वेगळें सांगावें लागत नाहीं. पांच वर्षांनीं, १८९८ सालीं, मुंबईस मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें.

या दोन संस्थांच्या नांवांतच त्यांचें धोरण आहे. ‘वाचनालय’ न म्हणतां त्यांनीं ‘संग्रहालय’ म्हटलें. मराठींत जें जें छापलें गेलें तें तें मिळवावें व ठेवावें. तें चांगलें कीं वाईट याचा निवाडा आपण करूं नये, कारण आजचा निवाडा उद्यांच्या वाचकास मान्य होईलच असें नाहीं: अशा संग्रहामागची भूमिका ही असते. वरवर पाहतां ती अव्यवहार्य वाटते. पण परिणाम पाहा. शंभर वर्षांपूर्वींचा मराठी संसार कसा चाले याचा आज कोणी शोध करूं लागला, तर त्यास त्या काळच्या नामांकित कादंबऱ्यांइतकींच पंचांगें, पाकशास्त्राचीं पुस्तकें, क्रमिक पुस्तकें, जातिसभांचे अहवाल, औषधांच्या जाहिराती आणि नाटकांच्या पद्यांचीं चोपडीं बोलकीं वाटतात. रसिकांच्या निवड-समितीनें या गोष्टी सहसा विकत घेतल्या नसत्या. ज्यांनीं निवड केली नाहीं त्यांच्याकडेच त्या राहण्याचा संभव अधिक.

याच्या उलट टोंकाचें धोरण बडोद्यास दिसतें. सयाजीराव महाराज गायकवाड १९०६ व १९१० सालीं अमेरिकेस गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था त्यांच्या मनांत भरली, आणि न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांस त्यांनीं १९१० सालीं आपल्या राज्यांत आणविलें. बोर्डन १९१३ पर्यंत राहिले. तेवढ्या अवधींत बडोद्यास मध्यवर्ती ग्रंथालय उभें राहिलें, ग्रंथपालांसाठीं शिक्षणवर्ग निघाला, आणि शहरापासून खेड्यापर्यंत ग्रंथालयें एकमेकांस जोडलीं गेलीं. खुद्द महाराजांच्या राजवाड्यांतील संग्रह लोकांसाठीं दिला गेला. जेथें ग्रंथालय नव्हतें तेथें निवडक पुस्तकांनीं भरलेल्या पेट्या फिरूं लागल्या. गांवानें ग्रंथालयासाठीं आपल्या हिमतीवर ठराविक रक्कम उभी केली कीं तितकीच भर सरकारनें आणि तितकीच स्थानिक मंडळानें घालावी, असें सूत्र होतें. त्यामुळें तेथील पुस्तक वरून आलेलें दान न राहतां गांवच्या कष्टाचें झालें. १९१२ सालीं ‘लायब्ररी मिसेलनी’ हें ग्रंथालयविषयक नियतकालिक बडोद्याहून निघूं लागलें, आणि त्यांत इंग्रजी व गुजराथी यांच्या जोडीस मराठी मजकूरही असे. या साऱ्या व्यवस्थेंत ग्रंथाची किंमत तो किती जुना आहे यावर ठरत नसे. तो किती हातांतून फिरला यावर ठरे. पेटींत पुस्तकें थोडींच मावतात. म्हणून निवड ही तेथें पहिली अट होती, आणि न फिरणारें पुस्तक काढून दुसरें घालणें हें कर्तव्यच होतें.

तथापि बडोद्यानें दुसरी बाजू सोडली नाहीं, ही गोष्ट आमच्या मतें विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. संस्कृत ग्रंथांचा व हस्तलिखितांचा विभाग तेथें निराळा राखला गेला. पाटणच्या जैन भांडारांची पाहणी चिमणलाल दलाल यांनीं केली. १९१६ सालीं राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’नें गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला, आणि १९२७ सालीं प्राच्यविद्यामंदिर स्वतंत्रपणें उभें राहिलें. म्हणजे वाचनाची पेटी आणि जतनाची तिजोरी या दोन्ही एकाच राज्यानें बाळगल्या. मात्र त्या निराळ्या घरांत, निराळ्या नियमांनीं. १९३१ सालीं रंगनाथन यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं, त्यांतील पांचव्यांत त्यांनीं ग्रंथालयास वाढत्या देहाची उपमा दिली आहे. वाढत्या देहास नवें घ्यावें लागतें तसें जुनें टाकावेंही लागतें. तेव्हां निर्लेखन हें पाप नव्हे. आपण पेटी आहों कीं तिजोरी, आणि हातांतलें पुस्तक पेटींतलें कीं तिजोरींतलें, हें न ठरवितां तें टाकणें, यांत पाप आहे.

तालुक्याचें वाचनालय ही स्वभावतः पेटीच होय. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालीं ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात, व वर्गाप्रमाणें अनुदान मिळतें. पुस्तकांची संख्या, वर्तमानपत्रें व नियतकालिकें, वाचकांची सोय, हीं तेथें पाहिलीं जातात. अशा संस्थेनें प्रत्येक जुनें पुस्तक जन्मभर सांभाळावें असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण शंभर वर्षें चाललेल्या पेटीच्या तळाशीं कांहीं वस्तु अशा साचतात कीं त्या मूळच्या पेटीच्या असल्या तरी आतां तिजोरींत गेल्या पाहिजेत. त्या ओळखावयाच्या कशा? दुसऱ्या कोठें त्यांची प्रत आहे कीं नाहीं, हें कळल्यावांचून ओळखतां येणार नाहींत. आणि हें कळण्यास यादी पाहिजे.

येथें आम्हांस शंकर गणेश दाते यांचें स्मरण होतें. १८०० ते १९३७ या काळांत छापल्या गेलेल्या मराठी ग्रंथांची त्यांनीं केलेली सूची हा आपल्या भाषेंतील मोठ्या चिकाटीचा एक नमुना आहे. पुढें १९३८ ते १९५० या वर्षांचा दुसरा खंड त्यांनींच सिद्ध केला. हजारों पुस्तकें, त्यांचे कर्ते, त्यांचीं सालें व त्यांचे विषय एकत्र नोंदविणें हें एखाद्या मोठ्या कचेरीचें काम. तें एका माणसानें केलें. दात्यांची सूची हातीं घेऊन बसलें कीं मराठींत काय काय छापलें गेलें हें कळतें. पण त्यांतील कोणतें पुस्तक आज कोठें हयात आहे, हें सांगण्यास प्रत्येक ग्रंथालयानें आपली दाखल नोंदवही दुसऱ्यास दाखविली पाहिजे. ज्या वाचनालयांत आम्ही उभे होतों तेथील नोंदवही चोख होती. पण ती त्याच टेबलाच्या खणांत होती. त्या गठ्ठ्यांतील शिवणकामाचें पुस्तक दुसऱ्या कोठें आहे किंवा नाहीं, हें ना त्या ग्रंथपालांस ठाऊक, ना आम्हांस. संगणकाचा खरा उपयोग करावयाचा तर प्रथम येथें केला पाहिजे: पानांचीं छायाचित्रें घेण्याआधीं नोंदी एकत्र करण्याकडे. हें काम सर्वांत स्वस्त आहे, आणि त्यांत डौल नाहीं म्हणूनच तें मागें राहतें.

आतां कागदाविषयीं. पान हातांत तुटतें, ही तक्रार खरी आहे. पण ती सर्व जुन्या कागदाविषयीं खरी नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१८ सालीं सरकारी हस्तलिखितांचा जो संग्रह आला, तो ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर, पीटरसन अशा पंडितांनीं १८६६ पासून जमविलेला होता. त्यांत भूर्जपत्रावरच्या पोथ्या आहेत, आणि हातकागदावरच्या तर असंख्य आहेत. चारचारशें वर्षांपूर्वींची शाई अशा कागदावर आजही वाचतां येते. याच्या उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लाकडाच्या लगद्याचा यंत्रकागद आला. शाई फुटूं नये म्हणून त्यास तुरटी व राळ यांची खळ देत. तुरटीमुळें कागदांत आम्लता राहते, ती धाग्यास आंतून खाते, आणि पान प्रथम पिंवळें, मग तांबूस होऊन शेवटीं पापडासारखें मोडतें. कोंकणची दमट हवा, कसर आणि वाळवी यांचा त्यास हातभार लागतो. म्हणजे विचित्र न्याय असा कीं, पणजोबांची पोथी टिकली, आजोबांचें छापील पुस्तक मोडूं लागलें. लिहिण्याचें साधन जों जों स्वस्त व विपुल होत गेलें तों तों त्याचें आयुष्य कमी होत गेलें, आणि म्हणून त्याची निगा अधिक घ्यावी लागली. संगणकाकडे वळतांना हा अनुभव मनांत वागविला पाहिजे.

पोथ्या टिकल्या त्या केवळ कागदाच्या बळावर नव्हेत. त्या नकलेनें टिकल्या. तंजावरचे सरफोजी महाराज यांनीं सरस्वती महालांतला संग्रह वाढविला तो पोथ्या मिळवून आणि जेथें मूळ मिळालें नाहीं तेथें प्रत करवून घेऊन. आणि नक्कल करणारा माणूस काय करी तें पाहा. ग्रंथ पुरा झाला कीं शेवटीं पुष्पिका लिही: शक, मिति, गांव, आपलें नांव, कोणासाठीं लिहिलें तें. हातून चुकलें असेल तर क्षमा मागे. तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून पोथी राखावी अशी वाचणाऱ्यास विनंती करी. नक्कल, तिची नोंद आणि तिची निगा या तीन गोष्टी त्या एका पानांत येत. संगणकावरील प्रत ही दुसरें कांहीं नसून नक्कलच आहे. तेव्हां तिला तीच कसोटी लाविली पाहिजे.

ती लाविली असतां काय दिसतें? एकविसाव्या शतकाच्या आरंभीं ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा मोठा उद्योग सुरू झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचा त्यांत प्रमुख हात होता. देशांतील अनेक भाषांचीं पांच लाखांवर पुस्तकें त्यांत पानापानानें उतरविलीं गेलीं, व मराठी पुस्तकेंही त्यांत पुष्कळ होतीं. घरबसल्या जुना ग्रंथ वाचण्याचा आनंद ज्यांनीं त्या वेळीं घेतला त्यांस तो विसरतां येणार नाहीं. परंतु नकलेची पुष्पिका तेथें कच्ची होती. मराठी नांवें रोमन लिपींत अशा कांहीं विचित्र रीतीनें लिहिलीं होतीं कीं पुस्तक असूनही सांपडूं नये. कित्येक पुस्तकांचीं पानें गळालेलीं, कित्येकांचीं तिरपीं अगर कापलेलीं. एकाच ग्रंथाच्या दोन-दोन नोंदी, तर दोन ग्रंथांची एक. पुढें २०१७ च्या सुमारास तें संकेतस्थळच बंद पडलें. तीं सारीं पुस्तकें त्या दिवशीं नाहींशीं व्हावयाचीं; पण त्यांतील बहुतेकांच्या प्रती परदेशांतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेच्या भांडारांत उतरवून ठेवल्या गेल्या होत्या, म्हणून तीं आजही वाचतां येतात. एवढा खर्च, एवढें मनुष्यबळ, आणि अखेरीस ग्रंथ वांचले ते दुसऱ्या घरीं दुसरी प्रत होती म्हणून. सरफोजींच्या काळचा न्याय आजही तोच आहे.

परदेशांतलें एक उदाहरण याहून बोलकें आहे. इंग्लंडांत १०८६ सालीं पहिल्या विल्यमनें जमीनजुमल्याची मोठी पाहणी करविली. ती चर्मपत्रावर लिहिलेली ‘डूम्सडे’ वही अद्याप वाचतां येते. तिला नऊशें वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बी. बी. सी. नें लोकांच्या साह्यानें नवी पाहणी करून ती त्या काळच्या अद्ययावत लेसर तबकड्यांवर साठविली. पंधरा-सोळा वर्षांतच ती तबकडी वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं, आणि २००२ च्या सुमारास तज्ज्ञांस खटपट करून तो मजकूर सोडवून घ्यावा लागला. पुस्तक कपाटांत विसरलें तर बहुधा तसेंच पडून राहतें; फाईल विसरली तर ती विसरल्यामुळेंच मरते. ती वेळोवेळीं नव्या यंत्रावर हलवावी लागते, नवी प्रत जुनीशीं अक्षरशः जुळते कीं नाहीं हें तपासावें लागतें, आणि निदान दोन-तीन निरनिराळ्या गांवीं ती ठेवावी लागते. हें दरसालचें काम आहे, आणि त्यास दरसाल माणूस व पैसा लागतो.

ई-पुस्तकांच्या खरेदीचीही एक मेख येथें सांगितली पाहिजे. छापील पुस्तक विकत घेतलें कीं तें ग्रंथालयाचें झालें. अनुदान थांबलें तरी तें कपाटांत राहतें. ई-पुस्तक पुष्कळदां विकत मिळतच नाहीं. तें वापरण्याचा परवाना मुदतीनें मिळतो, आणि वर्गणी चुकली कीं कपाट रिकामें होतें. भाड्याचें घर वाईट नव्हे, पण तें वडिलार्जित म्हणून कोणी मुलांच्या नांवें करीत नाहीं. कायद्याची स्थितीही वाचकांस ठाऊक असावी. १९५४ च्या कायद्यानें प्रकाशकांनीं आपल्या पुस्तकाच्या प्रती कलकत्त्याचें राष्ट्रीय ग्रंथालय व मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ग्रंथालयें यांकडे पाठवावयाच्या असतात. पण तो कायदा छापील ग्रंथाचा विचार करून केलेला आहे. १८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्यानें घेतली, तींत नियतकालिकें आलीं, पुस्तकें वगळलीं गेलीं. ग्रंथस्वामित्वाचा हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षें चालतो. तो चालू असतांही, जतनासाठीं पुस्तकाची संगणकीय प्रत ठेवण्याची मोकळीक विनानफा सार्वजनिक ग्रंथालयास २०१२ च्या दुरुस्तीनें मिळाली आहे. मात्र त्या ग्रंथालयापाशीं त्या पुस्तकाची कागदी प्रत असली पाहिजे, अशी त्यास अट आहे. म्हणजे कागद टाकून संगणक ठेवूं, हा विचार आपल्या हातांतला अधिकारच घालविणारा ठरूं शकतो.

एवढा विचार मनांत घेऊन दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पुन्हां त्या वाचनालयांत गेलों. कार्यकारी मंडळाचे दोन सभासदही आले होते. आम्हीं उपदेश केला नाहीं. गठ्ठ्यांच्या तीन राशी कराव्या एवढेंच सुचविलें. पहिली रास अलीकडच्या, अनेक प्रती असलेल्या, कोठेंही मिळणाऱ्या पुस्तकांची. ती खुशाल काढून टाकावी. दुसरी रास त्या गांवाशीं व तालुक्याशीं संबंध असलेल्या गोष्टींची, म्हणजे स्थानिक अहवाल, स्मरणिका, गांवच्या लेखकांचीं पुस्तकें. ती कोठेंही न पाठवितां तेथेंच एका बंद कपाटांत ठेवावी, कारण ती दुसरें कोणी ठेवणार नाहीं. तिसरी रास १९५० पूर्वींच्या बाकीच्या पुस्तकांची. तिची नुसती नांवनिशीवार यादी करून ती एखाद्या मोठ्या संग्रहालयाकडे पाठवावी, आणि त्यांच्यापाशीं जें नसेल तें त्यांस द्यावें. पानें मोडकीं असोत, गाळलेलीं असोत. पहिलीं पानें गेलेला ग्रंथ जगांतली शेवटली प्रत असूं शकतो.

एक सभासद वयानें वडील होते. ते म्हणाले, “हें सारें ठीक आहे हो, पण यादी करील कोण? ग्रंथपालांचा पगार किती, तें आपणांस सांगावयास आम्हांस लाज वाटते.” या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि आजही पुरतें नाहीं. ग्रंथालयांस जें अनुदान मिळतें तें पुस्तकें घेण्यास पुरत नाहीं, मग जुन्यांची नोंद करण्यास कोठून पुरावें? पण बडोद्याच्या खेड्यांनीं प्रथम आपला वांटा घातला व मग सरकारकडे मागितला. ठाण्यास तर सरकारच्या आज्ञेची वाट न पाहतां काम सुरू झालें. दात्यांनीं तर एकट्यानेंच तें अंगावर घेतलें. हीं उदाहरणें दारिद्र्याचें समर्थन म्हणून आम्ही देत नाहीं. सरकारनें या कामास माणूस व पैसा दिलाच पाहिजे. परंतु तोंवर तराजू थांबत नाहीं.

अखेर त्या दिवशीं गांवांतल्या महाविद्यालयाचे तीन विद्यार्थी ओटीवर बसले, आणि आम्ही व ग्रंथपाल नांवें सांगत गेलों. मोबाईलवर त्यांनीं प्रत्येक पुस्तकाचें मुखपृष्ठ टिपून घेतलें व वहींत साल, कर्ता, छापखाना लिहिला. सायंकाळपर्यंत अर्धे गठ्ठे झाले. शिवणकामाच्या पुस्तकाच्या आंतल्या पानावर कोण्या मुलीनें पेन्सिलीनें आपलें नांव, इयत्ता आणि ‘हें पुस्तक हरवूं नये’ असें लिहिलेलें आढळलें. तें कोणत्या राशींत जावें याविषयीं आमच्यांत मतभेद झाला. ग्रंथपालांनीं तें गांवच्या राशींत ठेविलें, आणि आम्हांसही मागाहून तेंच बरोबर वाटलें. राहिलेल्या गठ्ठ्यांची यादी त्यांनीं दिवाळीनंतर पुरी केली असें त्यांचें पत्र आलें आहे. ती यादी आतां एका संग्रहालयाकडे गेली असून उत्तराची वाट पाहणें चालू आहे. निर्लेखनाचा ठराव तोंवर तहकूब आहे.

आमच्या वाचकांपैकीं अनेकजण आपापल्या गांवच्या वाचनालयाचे सभासद, देणगीदार किंवा मंडळाचे सदस्य असतील. निर्लेखनाची यादी त्यांच्यापुढें सहीस येईल, तेव्हां सही करण्यापूर्वीं त्यांनीं एकवार ओटीवर जाऊन गठ्ठे सोडून पाहावेत, एवढीच आमची विनंती आहे.